तंबूसाठी जागा बघताना

शिकागोच्या आसपासच्या मराठी घरांत फेब्रुवारी उजाडला की एक विषय हमखास निघतो. बाहेर बर्फाचे ढीग असतात, मुलं घरात कंटाळलेली असतात आणि कुणीतरी विचारतं, ‘यंदा कॅम्पिंगला कुठे जायचं?’ मग नावं पडायला लागतात. डेव्हिल्स लेक, स्टार्व्ड रॉक, लडिंग्टन, स्लीपिंग बेअर ड्यून्स. एका नावावर एकमत होतं आणि त्या पार्कात जी साइट रिकामी दिसेल ती पटकन घेतली जाते.

मिडवेस्टच्या राज्यांतून बरीच वर्षं तंबू घेऊन फिरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की हा क्रम उलटा हवा. पार्क कुठलंही असो, दोन रात्री कशा जातील हे साइटचा नंबर ठरवतो. ती उंचावर आहे की खोलगट, तिच्यावर झाड आहे की नाही, रेल्वेचे रूळ किती लांब आहेत, संडासाचा दिवा तंबूत येतो का, हे सगळं त्या नंबरात दडलेलं असतं.

विस्कॉन्सिनमधलं डेव्हिल्स लेक हे त्याचं उत्तम उदाहरण. बॅराबू गावाजवळचं हे तळं गुलाबी-जांभळ्या क्वार्टझाइटच्या कड्यांमध्ये बसलेलं आहे. कडे सुमारे ५०० फूट उंच. पार्क १९११ सालचं, शिकागोहून गाडीने तीन-सव्वातीन तासांवर. तिथे तंबूवाल्यांसाठी तीन वेगवेगळी कॅम्पग्राउंड आहेत आणि तिघांचे स्वभाव अगदी निराळे. ‘क्वार्टझाइट’ची जागा मोकळी आणि सपाट आहे. पूर्वी तिथे गोल्फचं मैदान होतं, त्यामुळे सावली बेताचीच. ‘आइस एज’ झाडीत आहे. आमच्या गटातली दोन कुटुंबं क्वार्टझाइटमध्ये होती आणि आम्ही झाडीत. जुलैतली दुपार होती. दोनच्या सुमाराला तिकडची मुलं उशा घेऊन आमच्याकडे आली, कारण त्यांच्या तंबूत बसवत नव्हतं. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात मात्र गणित नेमकं उलट होतं. सकाळचं ऊन अंगावर घ्यायला झाडीतली माणसं त्या मोकळ्या जागेकडे जातात.

तळ्याच्या पूर्व काठाने आगगाडीचे रूळ गेलेले आहेत. मालगाडी जाते तेव्हा कड्यांमध्ये तिचा आवाज घुमतो. दिवसा मुलं ती बघायला धावतात, रात्री मात्र झोपमोड होते. मिडवेस्ट म्हणजे रेल्वेचा प्रदेश, त्यामुळे हा प्रश्न एकट्या डेव्हिल्स लेकचा नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या इंडियाना ड्यून्समधलं ‘ड्यूनवुड’ कॅम्पग्राउंड मला फार आवडतं. ६६ साइट, दाट झाडी, गरम पाण्याची अंघोळ. पण जवळूनच हमरस्ता आणि रेल्वे जाते आणि साइटवर विजेची सोय नाही. तान्हं मूल असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. कॅम्पग्राउंडचा नकाशा उघडला की मी उपग्रहाचं चित्रही उघडते आणि आधी रूळ शोधते.

नाशिकहून सासूबाई आल्या की साइट निवडण्याचे निकष बदलतात. त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून संडास जवळ हवा. पण अगदी शेजारची साइट कामाची नाही. तिथल्या स्प्रिंगच्या दाराचा धाडकन आवाज रात्रभर येतो आणि खांबावरचा पांढरा दिवा तंबूच्या कापडातून थेट डोळ्यांवर पडतो. तीन-चार साइट सोडून, चढ नसलेल्या रस्त्यावरची जागा त्यांना मानवते. मिशिगनमध्ये कॅम्पग्राउंडचे ‘मॉडर्न’ आणि ‘रस्टिक’ असे दोन मुख्य प्रकार आहेत. मॉडर्न म्हणजे फ्लशचे संडास, शॉवर आणि बहुतेक ठिकाणी वीज. रस्टिक म्हणजे खड्ड्याचा संडास आणि नळाला किंवा हातपंपाला पाणी. स्लीपिंग बेअर ड्यून्समध्ये हा फरक काही मैलांच्या अंतरात दिसतो. ‘डी. एच. डे’ कॅम्पग्राउंड लेक मिशिगनच्या पाण्याला अगदी लागून आहे, पण तिथे शॉवर नाही, वीज नाही. ‘प्लॅट रिव्हर’मध्ये दोन्ही आहे, पण पाणी जरा लांब. सासूबाई सोबत असताना आम्ही प्लॅट रिव्हर घेतो आणि त्याचं कुणालाही वाईट वाटत नाही.

तिथली जमीन वाळूची. दुकानात तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक वळवलेल्या मेखा वाळूत ठोकल्या तर बोटांनी ओढल्या तरी निघून येतात. लांब आणि रुंद पात्याच्या मेखा तिरक्या ठोकाव्या लागतात. वाळूचा मोठा गुण म्हणजे पाऊस पडला की पाणी लगेच जिरतं. इलिनॉय आणि आयोवाच्या काळ्या मातीत तसं होत नाही. तिथे अर्ध्या तासाच्या सरीनंतर खोलगट साइटवर तळं साचतं. म्हणून साइटवर पोचल्यावर मी गवताकडे आणि पिकनिक टेबलाच्या पायांकडे बघते. पायांवर वीतभर उंचीपर्यंत वाळलेल्या चिखलाची रेघ असेल, तर आधी तिथे पाणी उभं राहिलेलं असतं. तंबू त्या रेघेच्या वरच्या अंगाला लावायचा.

आरव्हीवाल्यांची काळजी वेगळी. आयोवातल्या कोरलव्हिल तलावाच्या धरणाजवळ आमच्या शेजारी एक निवृत्त शेतकरी जोडपं उतरलं होतं. आजोबांनी ट्रेलर उभा केला, दाराच्या चौकटीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा बघितला, खाली उतरून एका बाजूच्या चाकाखाली फळी सरकवली, ट्रेलर तसूभर पुढे घेतला आणि पुन्हा बुडबुडा बघितला. हे त्यांनी घाई न करता चार वेळा केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, फ्रिज गॅसवर चालतो, ट्रेलर कलता राहिला तर तो नीट थंड करत नाही. पुढे त्यांनी विजेच्या खांबाचं झाकण उघडून दाखवलं. आत तीन जागा होत्या: साधी २० अँपिअरची, ३० अँपिअरची तीन खाचांची आणि ५० अँपिअरची चार खाचांची. तीसची जागा ३,६०० वॅटपर्यंत भार घेते, म्हणजे एक एसी आणि थोडंफार स्वयंपाकाचं. पन्नासची जागा १२,००० वॅट देते. दोन एसीची मोठी गाडी असेल आणि साइटवर फक्त तीसची सोय असेल, तर अडॅप्टर लावूनही एकच एसी चालतो. ऑगस्टच्या उकाड्यात ही गोष्ट फार जाणवते.

लांबीही बघावी लागते. मिडवेस्टमधली बरीच सरकारी पार्कं १९३० च्या दशकात सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कॉर्प्सच्या बेरोजगार तरुणांनी बांधली. त्यांच्या दगडी भिंती आणि पायऱ्या आजही देखण्या आहेत. पण तेव्हा ४० फुटी गाड्या नव्हत्या, त्यामुळे जुन्या वाटा अरुंद आणि वळणं आखूड. मोठा ट्रेलर असणाऱ्यांनी, एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी साइट मागावी. पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी, असं तिन्ही साइटवर मिळणं सरकारी पार्कांत दुर्मीळ आहे. बहुतेक ठिकाणी टाकी रिकामी करायची जागा बाहेर पडण्याच्या रस्त्यावर असते आणि रविवारी अकरा वाजता तिथे रांग लागते.

त्याच आजोबांनी आम्हाला धरणाच्या सांडव्याखालची दरी बघायला पाठवलं. १९९३ च्या महापुरात तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि त्या लोंढ्याने खालची माती, रस्ता आणि कॅम्पग्राउंडचा काही भाग खरवडून नेला. खाली सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ उघडा पडला. आज तिथे माणसं दगडावर वाकून प्रवाळांचे आणि समुद्री कमळांचे जीवाश्म बघतात. २००८ मध्ये सांडव्यावरून पुन्हा पाणी गेलं. मुलं जीवाश्म शोधत होती आणि मी वर सांडव्याकडे बघत होते. इथे एके काळी तंबू असायचे, हे डोळ्यांना पटायला वेळ लागला.

मिसुरीतल्या जॉन्सन्स शट-इन्स पार्कातली घटना याहून हादरवणारी आहे. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे डोंगरावरचा टॉम सॉक जलाशय फुटला आणि अब्जावधी लिटर पाणी खालच्या पार्कातून गेलं. पार्कच्या प्रमुखांचं घर वाहून गेलं, त्यांचं कुटुंब लहान मुलांसह पाण्यात सापडलं, पण सगळी वाचली. उन्हाळा असता तर कॅम्पग्राउंड भरलेलं असतं. पुढे ते जुन्या जागी न बांधता सुरक्षित ठिकाणी नव्याने बांधलं गेलं आणि २०१० मध्ये उघडलं. नदीकाठची साइट सगळ्यांना हवी असते, मलाही आवडते. पण पावसाचा अंदाज असेल तर मी काठावरून वरच्या वळणावर जाते आणि मुलांची नाराजी चालवून घेते.

वाऱ्याचंही तसंच. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवावरून गेलेल्या ‘डेरेचो’ वादळाने शेकडो मैलांच्या पट्ट्यात झाडं आडवी केली. तंबूवर सावली धरणाऱ्या झाडाच्या वाळलेल्या फांद्या म्हणूनच आधी बघायच्या. ॲशचं झाड असेल तर विशेष काळजी. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या चकाकत्या भुंग्याने, एमरल्ड ॲश बोररने, या प्रदेशातली कोट्यवधी ॲशची झाडं मारली. कित्येक कॅम्पग्राउंडमध्ये ती तोडून टाकावी लागली, त्यामुळे जुन्या फोटोत दिसणारी सावली आज तिथे असेलच असं नाही. घरून लाकडं नेण्यावरचे निर्बंधही त्याच भुंग्यामुळे आले. विस्कॉन्सिनच्या पार्कांत दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित केलेलंच सरपण चालतं. ते तिथेच विकत घ्यावं. दोन डॉलर वाचवण्यासाठी जंगल पणाला लावणं मला अजिबात मान्य नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वादळाचे इशारे काउंटीच्या नावाने दिले जातात. पाहुण्याला गावाचं नाव माहीत असतं, पार्कचं असतं, काउंटीचं नसतं. डेव्हिल्स लेक सॉक काउंटीत आहे. पोचल्यावर फाटकावरच्या रेंजरला दोन गोष्टी विचाराव्यात: ही काउंटी कुठली, आणि भोंगा वाजला तर जायचं कुठे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं, विटांचं किंवा काँक्रीटचं शॉवरघर. एका रात्री आम्ही पंधरा-वीस माणसं अशा शॉवरघरात तासभर बसलो होतो. अनोळखी बायका आमच्या मुलांना बिस्किटं देत होत्या आणि बाहेर विजा कडाडत होत्या. तंबू मोडले, माणसं सुखरूप राहिली. तेव्हापासून तिथवर चालत जायचं अंतरही मी साइट निवडताना धरते.

पुढच्या जुलैत कुणाला जायचं असेल तर नकाशा आताच उघडावा. विस्कॉन्सिनची सरकारी पार्कं अकरा महिने आधी आरक्षण घेतात, मिशिगन आणि इंडियाना सहा महिने आधी, मिनेसोटा १२० दिवस आधी. जुलैतल्या शनिवार-रविवारच्या चांगल्या साइट आरक्षण उघडलं की लगेच जातात. नंबर आधी ठरवून ठेवा, जोडीला दोन पर्यायी नंबर लिहून ठेवा आणि शक्य असेल तर मंगळवार-बुधवारच्या रात्री घ्या. त्या दिवशी तेच तळं असतं, त्याच साइट असतात आणि त्यातल्या निम्म्या रिकाम्या मिळतात.