विमान फोटोत मावेना

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकेकाळी एकच होते. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. आमच्या घराचीही अशीच वाटणी आहे. अम्मी आणि आम्ही साताऱ्यात, आपा आणि दुल्हाभाई सांगलीत. मधे कऱ्हाड आणि एसटीची भरपूर गर्दी.

या दोन्ही जिल्ह्यांचे फौजेशी जुने नाते आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण पुढे संरक्षणमंत्री झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबच्या आघाडीवर हवाई दल उतरवण्याची परवानगी त्यांनीच दिली. एवढे सगळे असूनही आमच्या मुलांनी लढाऊ विमान पाहिले होते ते फक्त मोबाईलवर किंवा डोक्यावरून जाणाऱ्या आवाजात.

नववीतल्या भाचीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विमानाच्या पंखांवर तक्ता करायचा होता. नेटवरचे फोटो चालणार नाहीत, स्वतः काढलेले हवेत, असे तिच्या बाईंनी बजावले होते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून पुण्याचा बेत ठरवला. आपाची मंडळी सांगलीहून रेल्वेने निघाली आणि आम्ही साताऱ्याला त्याच डब्यात चढलो. साताऱ्याचे स्टेशन गावापासून दूर, माहुलीकडे आहे, त्यामुळे गाडीच्या बरेच आधी घर सोडावे लागते. वाठार, नीरा, जेजुरी अशी स्टेशने मागे पडत गेली. खिमा आणि पराठ्यांचा डबा जेजुरीच्या आधीच रिकामा झाला. पुणे यायच्या जरा आधी घोरपडी लागते. आम्हाला दुसऱ्या दिवशी याच भागात यायचे होते.

घोरपडीजवळ, पुणे कॅम्पच्या बाजूला दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९९८ रोजी ते खुले झाले. हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आहे. तिथे उघड्यावर एक मिग-२३ विमान ठेवलेले आहे.

दारातून आत जाताच भाचीने मोबाईल काढला. अम्मीने तिचा हात धरला. “नको बेटा. ही मिलिटरीची जागा. उगाच कोणी नाव विचारेल.”

अम्मी उगाच घाबरत नव्हती. काही वर्षांपूर्वी एका धरणाच्या भिंतीजवळ आमच्या घरातल्या एकाने फोटो काढला होता. तिथे फोटोला मनाई होती आणि हटकणे बरोबरच होते. पण त्याच्यासोबत आणखी चौघांनी फोटो काढले होते. त्यांना ‘काढू नका’ एवढेच सांगून सोडले आणि याचे नाव ऐकल्यावर त्याला अर्धा तास बसवून ठेवले. नंतर कोणी त्याबद्दल बोलले नाही, पण घरातल्या प्रत्येकाच्या मनात ते राहिले. अशी एखादी आठवण आपल्यापैकी अनेकांच्या घरात असते. मग मुलांना आपण सांगतो, ‘लांबून बघा, पुढे जाऊ नका.’ मुले तेच शिकतात.

दुल्हाभाई म्हणाले, “विचारून तर बघू.” पण विचारायला भाची स्वतःच गेली. दाराजवळ एक वयस्क गृहस्थ उभे होते, निवृत्त जवान असावेत. तिने आपले पूर्ण नाव, शाळा आणि काम सांगितले आणि विचारले, “काका, विमानाचे फोटो काढले तर चालतील का?”

ते म्हणाले, “काढ की. बघायलाच ठेवलंय. फक्त आजूबाजूला लष्कराच्या इमारती आहेत, तिकडे मोबाईल फिरवायचा नाही.” मग विचारले, “कितवीत? नववी? एनडीएची परीक्षा द्यायची असेल तर गणित आत्तापासून पक्कं कर. आता मुलींनाही घेतात.” खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली प्रशिक्षण घेऊ लागल्या, हे भाचीला ठाऊक होते. अम्मीला नव्हते. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आता खरी अडचण सुरू झाली. विमान फोटोत मावेना. मिग-२३ सुमारे पावणेसतरा मीटर लांब आहे, म्हणजे एसटीच्या दीड बसएवढे. जवळ उभे राहिले तर शेपूट कापली जाते. मागे सरकले तर मधे झाड आणि फोटो काढून घेणारी माणसे येतात. समोरून काढले तर नाक भोपळ्याएवढे आणि मागचे विमान चिमणीएवढे दिसते. सकाळचे ऊन विमानाच्या मागून येत होते, त्यामुळे पहिले आठ-दहा फोटो नुसत्या काळ्या सावलीचे निघाले. धाकट्याने दोन पावलांवरून फक्त चाकाचा फोटो काढला आणि तोच सगळ्यांत स्वच्छ आला.

तेव्हा भाचीने युक्ती केली. पूर्ण विमानाचा हट्ट तिने सोडला आणि तक्त्याला हवे ते एकेक भाग टिपायला सुरुवात केली. आधी पंखाचा सांधा. मिग-२३ ची खरी गंमत तिथेच आहे. याचे पंख उडता उडता मागेपुढे होतात. धावपट्टीवरून उठताना आणि उतरताना ते पसरलेले असतात, तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १४ मीटर भरतात. वेग वाढवायचा तसे वैमानिक ते मागे घेतो आणि ही रुंदी ८ मीटरच्याही आत येते. १६, ४५ आणि ७२ अंश अशा त्यांच्या तीन जागा. घार वर तरंगताना पंख पसरते आणि झेप घेताना आवळते, तसेच हे. कमी वेगात विमान तोलून धरायला रुंद पंख लागतात आणि जास्त वेगात तेच पंख हवेला अडतात, म्हणून ही सोय.

मग नाक. मिग-२३ चा बीएन हा प्रकार जमिनीवरच्या लक्ष्यावर हल्ला करण्यासाठी बनवला होता. त्याच्या नाकात मोठे रडार नसते. नाक चपटे आणि पुढे उतरते असते, म्हणजे वैमानिकाला खालची जमीन नीट दिसते. आपल्या हवाई दलात ही विमाने १९८१ च्या सुमारास आली. कारगिलच्या लढाईत हवाई दलाने २६ मे १९९९ पासून कारवाई सुरू केली, तीत ही विमाने होती. ६ मार्च २००९ रोजी त्यांना निवृत्त करण्यात आले.

“ही विमानं आली तेव्हा हवाई दलाचे प्रमुख कोण होते?” धाकट्याने सहज विचारले. आम्ही शिक्षक असल्याने उत्तर तयार होते, पण अम्मीच्या चेहऱ्याकडे बघत सावकाश सांगितले: एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ.

लतीफसाहेबांचा जन्म १९२३ चा, हैदराबादचा. १९४२ मध्ये ते हवाई दलात आले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. १९४७ मध्ये दल वाटले गेले तेव्हा असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सहकारी पाकिस्तानात गेले. पुढे दोघेही तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफसाहेबांनाही तिकडे येण्याचा आग्रह झाला होता. ते इथेच राहिले. १९७८ ते १९८१ ते आपल्या हवाई दलाचे प्रमुख होते. मिग-२३ च्या खरेदीची बोलणी त्यांच्याच काळात झाली. नंतर १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. २०१८ मध्ये हैदराबादेतच त्यांचे निधन झाले.

अम्मी काही बोलली नाही. ती विमानाजवळ गेली आणि ओढणी सावरून उभी राहिली. मग स्मारकाकडे तोंड करून हात उचलले. काय मागितले, असे धाकट्याने विचारले तेव्हा म्हणाली, “ज्यांची मुलं परत आली नाहीत, त्या आयांना सब्र मिळो.” जोहरची वेळ जवळ आली होती. भाचीने तेवढ्यात दोन फोटो काढले. एकात अम्मी, नाक आणि अर्धा पंख आहे. तक्त्याच्या उपयोगाचा तो नाही, तरी तिने तो तक्त्यावर लावायचे ठरवले.

वाचकांपैकी कोणी मुलांना घेऊन जाणार असेल तर थोडे सांगावेसे वाटते. सकाळी लवकर जा आणि ऊन आपल्या पाठीशी येईल अशी बाजू निवडा. पूर्ण विमान घ्यायचे असेल तर समोरून नको, पुढच्या कोपऱ्यातून तिरके घ्या. एकेक भाग वेगळा टिपला तर मुलांना यंत्र कळते. वहीत आधी प्रश्न लिहून न्या: पंख कुठे वळतात, हवा कुठून आत जाते, नाक असे का.

आणि आत शिरताच विचारा. मोठ्यांनी नव्हे, मुलांनी विचारावे, आपले पूर्ण नाव सांगून. जिथे मनाई असेल तिथे मोबाईल खिशात ठेवावा, तो नियम सगळ्यांसाठी सारखाच आहे. जिथे परवानगी असेल तिथे मात्र लांबून बघून परत फिरू नये. लोकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या जागेत आपल्या मुलांनी पुढच्या रांगेत उभे राहावे. तो हक्क त्यांना कोणी द्यायचा नसतो, आपण त्यांचा हात सोडायचा असतो.