विशेषणाचं वजन

अनुवाद करताना कात्री पहिल्यांदा विशेषणावर पडते. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते तेव्हा बंगालीतून मराठीत आणलेल्या उताऱ्यांवर आम्ही तासन् तास वाद घालायचो. शेवटी वाक्य हलकं करायचं ठरलं की एखादं ‘स्निग्ध’, एखादं ‘निबिड’ गळायचं. नाम राहतं, क्रियापद राहतं, विशेषणाला मात्र दर वेळी आपली गरज सिद्ध करावी लागते. वीस वर्षं हा व्यवसाय केल्यावर हा संस्कार हातात मुरतो. २०२१च्या मे महिन्यात एका विशेषणाने मला त्याचा पुन्हा विचार करायला लावलं. ते विशेषण होतं ‘लायपोसोमल’.

मी राहते बडोद्यात. करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलं. ही बुरशी मुळात काळी नसते. तिने रक्तवाहिन्या बंद पाडल्यावर मरणारा पेशीसमूह काळा पडतो. मधुमेह, करोना आणि स्टेरॉइड यांची गाठ पडलेल्या रुग्णांत ती नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकत होती. नांदेडला माझ्या मावसबहिणीच्या यजमानांना ती झाली. एका रात्री बहिणीचा फोन आला. “ताई, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध कुठंच मिळंना. एक दुकानदार म्हणतोय, माझ्याकडं अँफोटेरिसिन आहे, तेच औषध आहे, आणि कितीतरी स्वस्त. घेऊ का?”

तिने चिठ्ठीचा फोटो पाठवला. ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, ३०० मिलिग्रॅम रोज.’ दुकानदाराकडे होतं ते नुसतं अँफोटेरिसिन बी. रेणू एकच, म्हणजे दुकानदार नामापुरता खोटं बोलत नव्हता. पण लायपोसोमल औषध म्युकरमध्ये साधारणपणे वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम देतात. भाऊजींचं वजन साठ किलो, म्हणून ३०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. साधं अँफोटेरिसिन किलोला १ मिलिग्रॅमच्या आसपास देतात, आणि दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडायची नसते. ओलांडली तर हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. चिठ्ठीवरचा आकडा तसाच ठेवून विशेषण गाळलं असतं, तर साठ मिलिग्रॅमच्या जागी तीनशे गेले असते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे घे किंवा नको घेऊ, यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “कुपीवर जे छापलंय ते अक्षर न् अक्षर डॉक्टरांना वाचून दाखव. तेच औषध आहे असं कुणाला म्हणू नकोस.” तिने तसंच केलं. डॉक्टरांनी टंचाई लक्षात घेऊन काही दिवस साधं औषध चालवायचं ठरवलं, मात्रा बदलून नवी चिठ्ठी लिहिली आणि क्रिएटिनिन आणि पोटॅशियमच्या तपासण्या वाढवल्या. पुढे लायपोसोमल कुप्या मिळाल्या तेव्हा मात्रा पुन्हा बदलली. जूनमध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्यावर आणला. त्या घराला तोवर सोनं मोडून झालं होतं. भाऊजी वाचले. त्यांचा डावा डोळा काढावा लागला, पण किडन्या शाबूत राहिल्या.

तेव्हापासून मी या विशेषणाच्या मागे लागले.

अँफोटेरिसिन हे मातीतल्या एका जिवाणूपासून मिळतं आणि १९५०च्या दशकापासून माहीत आहे. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. अँफोटेरिसिन त्याला चिकटतं, पटलाला भोकं पडतात आणि पेशी गळून मरते. पंचाईत अशी की आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, आणि ते एर्गोस्टेरॉलचं चुलतभावंड शोभावं असं असतं. औषधाची माणूस ओळखण्यात गफलत होते, आणि तिची किंमत सर्वांत आधी किडनी मोजते. साध्या अँफोटेरिसिनचा हा दोष डॉक्टरांना दशकानुदशकं ठाऊक होता. रेणू बदलून फारसं काही साधलं नाही. साधलं ते त्याची बांधणी बदलून.

ती बांधणी एका वेगळ्याच शोधातून आली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम इथे ॲलेक बँगहॅम आणि आर. डब्ल्यू. हॉर्न यांनी लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लेसिथिनच्या रेणूचं एक टोक पाण्याला ओढ घेणारं, दुसरं पाणी टाळणारं. पाण्यात पडताच हे रेणू पाठीला पाठ लावून दुहेरी थर करतात आणि ते थर आपोआप मिटून पिशव्या होतात. त्यांना सुरुवातीला गमतीने बँगहॅमच्या नावावरून ‘बँगोसोम’ म्हणत. मग जेराल्ड वाइसमन यांनी ‘लायपोसोम’ सुचवलं. ग्रीक ‘लिपोस’ म्हणजे चरबी, ‘सोमा’ म्हणजे काया.

प्रयोगशाळेत त्या बनवण्याची जुनी रीत स्वयंपाकघराला फार परकी नाही. स्निग्धद्रव्यं क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळवून गोल चंबूत घ्यायची आणि द्रावक उडवून लावायचं. भांड्याला साय धरावी तसा काचेला पातळ थर धरतो. त्यावर पाणी घालून हलवलं की थर सुटतो आणि कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या पिशव्या होतात. त्या ओबडधोबड, लहानमोठ्या असतात. मग ध्वनिलहरींनी किंवा प्रचंड दाबाखाली त्या फोडून हव्या त्या मापाला आणायच्या. कारखान्यातली यंत्रं वेगळी असली तरी खरं कौशल्य तिथेही हेच, सगळ्या पिशव्या एका मापात आणणं. लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या पिशव्या १०० नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. केसाच्या रुंदीत अशा हजारभर सहज मावतील.

माप का महत्त्वाचं? फार लहान कण किडनीतून गाळून निघून जातात. फार मोठे कण बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. या दोहोंच्या मधल्या मापाची पिशवी रक्तातून फिरत राहते. आणि इथे औषध पिशवीच्या पोटात भरलेलं नसतं, पिशवीच्या भिंतीतच विणलेलं असतं. ती माणसाच्या पेशीजवळून जाताना ते सहसा सुटत नाही. बुरशीच्या भिंतीला ती चिकटली की मात्र तिथे उलगडते आणि औषध हवाली करते. ‘लायपोसोमल’ या विशेषणात एवढी सगळी वाट सामावलेली आहे.

या वाटेवर आपल्याकडचीही माणसं चालली आहेत. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले बिमलकुमार बाछावत यांच्या गटांनी देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन विकसित केलं. रुग्णाला देण्याआधी ती कुपी श्राव्यातीत लहरींच्या एका छोट्या यंत्रात ठेवावी लागते, म्हणजे मापाचं शेवटचं काम रुग्णालयातच होतं.

आणि बिहार. तिथला काळा आजार एका परजीवीमुळे होतो. ‘काला आज़ार’मधला आजार आणि आपला रोजचा आजार हा एकच फारसी शब्द आहे, पण मराठीत आपण तो सर्दीलाही लावतो. बिहारमध्ये जुनी अँटिमनीची औषधं निकामी ठरू लागल्यावर साधं अँफोटेरिसिन महिनाभर, दिवसाआड, पंधरा वेळा शिरेतून द्यावं लागे. मजुरी बुडवून महिनाभर रुग्णालयात राहणं कोणाला परवडणार? २०१०मध्ये श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी ४१२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लायपोसोमल औषधाची एकच मात्रा त्या पंधरा मात्रांच्या तोडीची ठरली होती. या आजाराचा परजीवी प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशींत लपतो, आणि रक्तात फिरणाऱ्या लायपोसोमना गिळून टाकणाऱ्या पेशीही त्याच. शरीराने पिशवी पकडावी आणि नेमकी शत्रूच्या घरात नेऊन ठेवावी, असा हा योग आहे. पुढे हीच एक मात्रा सरकारी कार्यक्रमात आली. एकोणतीस दिवसांचा एक दिवस झाला.

जूनमध्ये एका सेवाभावी संस्थेने मला काम दिलं. मराठवाड्यातल्या लहान रुग्णालयांतल्या परिचारिका आणि नातेवाईक यांच्यासाठी या औषधाचं दोन पानी माहितीपत्रक मराठीत करायचं होतं. इंग्रजी मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला होता. त्यातलं एक वाक्य साधं होतं, की औषध सलाइनमध्ये मिसळू नये. कारण मिठाच्या पाण्यात या औषधाचा साका बसू शकतो. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमधूनच द्यायचं असतं.

आता हे मराठीत कसं लिहायचं? आपल्याकडे शिरेतून जे जे थेंबाथेंबाने जातं ते सगळं ‘सलाईन’. ग्लुकोजची बाटली लावली तरी घरी सांगताना ‘सलाईन लावली’ हेच वाक्य असतं. ‘सलाईनमध्ये मिसळू नये’ याचा अर्थ नातेवाइकाने, आणि थकलेल्या एखाद्या नव्या परिचारिकेनेही, बाटलीतून देऊच नये असा घेतला असता. शब्द मराठीत पुरता रुळला होता, म्हणूनच धोक्याचा होता. मी लिहिलं, ‘मिठाच्या पाण्याची बाटली चालणार नाही. साखरेच्या पाण्याची, म्हणजे ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटलीच लागते.’ त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. बहुतेक रुग्ण मधुमेही. मधुमेह्याला साखरेचं पाणी म्हटल्यावर घरचे बाटली काढायला लावतील. म्हणून आणखी एक ओळ संस्थेच्या डॉक्टरांकडून मागून घेतली. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, आणि तिचा हिशोब धरून इन्सुलिन ठरवलं जातं. किडनी जपण्यासाठी मिठाच्या पाण्याची बाटली आधी वेगळी दिली असेल, तर मधे नळी डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची, हेही क्रमाने लिहिलं.

‘लायपोसोम’ला मराठीत काय म्हणावं? ‘चरबीची पिशवी’ अचूक होतं, पण चरबी म्हटलं की आपल्याकडे कोणत्या जनावराची, हा प्रश्न लगेच येतो. या पिशवीतलं मुख्य स्निग्धद्रव्य सोयाबीनपासूनचं आहे. नांदेड-लातूरकडच्या वाचकाला सोयाबीन समजावून सांगावं लागत नाही. मी ‘लायपोसोम’ तसाच ठेवला आणि पुढे ‘सोयाबीनच्या स्निग्धद्रव्याची अतिसूक्ष्म पिशवी’ असं लिहिलं.

‘नॅनो’ अधिक अवघड. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खुजा. मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६०मध्ये त्याला एक अब्जांश हा नेमका अर्थ मिळाला. मराठी माणसाला मात्र नॅनो म्हटल्यावर २००८ सालची एक लाखाची गाडी आठवते, शेतकऱ्याला नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली. आपल्या ‘अब्जांश’मध्ये आकडा स्पष्ट दिसतो. शिवाय अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. लायपोसोमही पाण्याशिवाय जन्मत नाही. हा योगायोग मला आवडला, पण पत्रकात तो घालण्याची जागा नव्हती.

नंतर एका शैक्षणिक पुस्तिकेत संगणकाच्या चिपबद्दल लिहायची वेळ आली, तेव्हा याच शब्दाचं दुसरं टोक दिसलं. १९७१च्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिचं तंत्र १० मायक्रॉनचं, म्हणजे १०,००० नॅनोमीटरचं. तेव्हा आकडा खरोखरच्या मापाशी बांधलेला होता. आज फोनच्या जाहिरातीत ‘३ नॅनोमीटर’ असतं. त्या चिपमधल्या ट्रान्झिस्टरमध्ये ३ नॅनोमीटर लांबीचं द्वार नसतं, आणि एका द्वारापासून शेजारच्या द्वारापर्यंतचं अंतर काही दशक नॅनोमीटर भरतं. आकडा आता पिढीचं नाव झाला आहे. म्हणून ‘३ नॅनोमीटरचे ट्रान्झिस्टर’ असा सरळ अनुवाद खोटा ठरतो. मी ‘३ नॅनोमीटर या नावाने ओळखलं जाणारं तंत्र’ असं लिहिलं. वाक्य जड झालं, पण खरं झालं.

एकाच शब्दाची ही दोन आयुष्यं. फोनमध्ये माप सुटून नाव उरलं तरी फोन चालतो. कुपीत माप सुटलं तर औषध बदलतं. अनुवादकाला दर वेळी पाहावं लागतं, की समोरचा शब्द वस्तू मोजतो आहे की नुसता मिरवतो आहे.

माहितीपत्रकाच्या इंग्रजी मसुद्यात औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि ‘लायपोसोमल’ त्यापुढे कंसात, बारीक टाइपात. औषधांच्या याद्यांत पुष्कळदा तसंच छापतात. संस्थेची परवानगी घेऊन मी कंस काढला, विशेषण नावाच्या आधी आणलं आणि दोन्ही शब्द एकाच मापाच्या अक्षरांत ठेवले. साध्या औषधाची मात्रा त्या पानावर येऊ दिली नाही, ती पाठीमागे वेगळ्या चौकटीत गेली. छपाईआधी एका सिस्टरांनी पत्रक वाचलं आणि एकच सूचना केली. कुपी आणि पत्रक शेजारी धरून दोन्हीवरचे दोन्ही शब्द जुळतात का ते मोठ्याने वाचावं, असं सर्वांत वर लिहा. ती ओळ आता पहिली आहे.