शेरूची नोटीस

आमच्या घराण्यात कुत्रा पाळण्याची रीत नव्हती. गाईला घास, पाखरांना दाणे, दारी आलेल्या कुत्र्याला पोळीचा तुकडा, एवढाच आमचा मुक्या जिवांशी व्यवहार. शेलूबाजारला धाकट्या बंधूंचे अडतीचे दुकान आहे. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात गोदामात पोत्यांच्या थप्प्या लागल्या, तेव्हा राखणीसाठी म्हणून हमालांनी एक गावठी पिल्लू आणून ठेवले. तोच हा शेरू. दिवसभर खांबाला साखळी, रात्री मोकळा, अशी त्याची दीड-दोन वर्षे गेली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. आमच्या गावाजवळच त्यावर चढण्या-उतरण्याची वाट असल्याने वाहनांची वर्दळ वाढली आणि एका रात्री शेरू ट्रकखाली येता येता वाचला. बँकेतून निवृत्त होऊन मी तोवर गावी परतलो होतो. सकाळच्या फिरण्याला सोबत हवीच होती. मी त्याला घरी घेऊन आलो.

घरात त्या वेळी सात वर्षांचा नातू आणि साडेतीन वर्षांची नात. सौ.ची अट एकच: स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या उंबऱ्याच्या आत त्याने यायचे नाही. ती अट शेरूने चार दिवसांत समजून घेतली आणि आजतागायत मोडलेली नाही.

आहाराविषयी अनेकजण विचारतात, म्हणून ओघात सांगतो. कुत्रा हा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा प्राणी नव्हे; शाकाहारावर तो राहू शकतो. मात्र नुसत्या दूध-पोळीवर त्याचे पोषण होत नाही. डाळी, पनीर, भाज्या यांचे प्रमाण पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे लागते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात. त्या बाबतीत आपल्या घरांइतके सुरक्षित घर त्याला दुसरे मिळणार नाही! उलट मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हे पदार्थ आपल्याकडे मुले प्रेमाने कुत्र्याला भरवतात, आणि तेच त्याला घातक ठरू शकतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगताना आजही संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी आहे.

शेरूला घरी आणून पाच-सहा महिने झाले असतील. एके दिवशी तो थाळीत तोंड घालून खात असताना नात त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिने थाळी ओढली. शेरू घशातल्या घशात गुरगुरला. मी हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या तोंडावर दोन फटके मारले. "आपल्या माणसांवर गुरगुरतोस?" असे म्हणालोही. त्यानंतर तो कधी गुरगुरला नाही. कुत्र्याला कसे वळण लावले, हे मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे.

दोन महिन्यांनी एका रविवारी घरी नातेवाईक जमले होते. मुलांनी शेरूला घोडा केला. नात त्याच्या पाठीवर बसली, नातवाने कान धरले, कोणीतरी मोबाईलवर चित्रण करू लागले, आणि आम्ही सारी मोठी माणसे हसत होतो. क्षणात शेरूने मान वळवली आणि नातीच्या गालाला दात लागला. ना भुंकणे, ना गुरगुरणे.

त्या गोंधळात शेजारच्या काकू हळद घेऊन धावल्या, कोणी चुना लावा म्हणाले. सूनबाईंनी कोणाचेही ऐकले नाही. त्यांनी मुलीला उचलून मोरीत नेले आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ पाहून पंधरा मिनिटे जखम धुतली. मुलगी आक्रोश करीत होती. सूनबाईंचा हात थांबला नाही. रेबीजचा विषाणू जखमेतच कमी करण्याचा हा पहिला उपाय आहे आणि तो प्रत्येक घरात करता येतो. पुढे वाशीमला डॉक्टरांनी लशीचा डोस दिला. चेहऱ्यावरची, रक्त आलेली जखम असल्याने जखमेच्या भोवती सीरमही टोचले. शेरूला रेबीजची लस दिलेली होती, तरी त्यांनी त्यावर विसंबून राहण्यास नकार दिला. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिली लस टोचली, तेव्हापासून सारा भरवसा आहे तो लक्षणे दिसण्यापूर्वीच्या या काही दिवसांवर.

रात्री घरी आलो, तो बंधू जीप काढून उभे. "दादा, आत्ता याला महामार्गापलीकडे सोडून येतो," म्हणाले. सौ.चाही तोच आग्रह. मी विरोध करण्याच्या स्थितीत नव्हतो. तथापि डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: कुत्र्याला दहा दिवस नजरेसमोर ठेवा. तो दहा दिवसांनंतरही धडधाकट राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजता येते. सोडून दिलात, तर ते कधीच कळणार नाही. नातीच्या हितासाठी शेरूला घरात ठेवणे भाग होते. बंधूंनी जीप आत लावली. शेरूला मागच्या अंगणात वेगळे ठेवले.

त्या दहा दिवसांत मी ती मोबाईलवरची चित्रफीत पुनःपुन्हा पाहिली. संशयित व्हाउचर तपासावे, तशी थांबवून थांबवून पाहिली. जेमतेम दोन मिनिटांची ती. मुले पाठीवर बसताच शेरू जीभ ओठांवरून फिरवतो. मग जांभई देतो. झोप आलेली नसताना. मग मान फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. शेपटी खाली. उठून जाऊ पाहतो, नातू कान धरून बसवतो. मग अंग ताठ होते. हे सारे आमच्या हसण्याच्या आवाजात घडते आहे. पशुवैद्यांना ती दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, त्याने पाच-सहा वेळा विनंती केली. शेवटची विनंती गुरगुरण्याची असते, पण ती करायला तुम्हीच बंदी घातली होती."

बँकेत आम्ही म्हणत असू, की खाते एका दिवसात बुडत नाही. हप्ता चुकतो, धनादेश परत जातो, ऋणको फोन उचलत नाही, आणि वाचणाऱ्याला हे सारे आधीच दिसते. उभा जन्म कर्जखाती वाचण्यात घालवलेल्या माणसाने आपल्याच अंगणात आलेली नोटीस फाडून टाकली होती.

त्याच सुमारास तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पुन्हा उघडला. दशलक्षण पर्वात रोज एक याप्रमाणे त्याचे दहा अध्याय आपण ऐकतो, परंतु ऐकणे आणि वाचणे यांत अंतर आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत: जिवाला बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, जादा भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. मी एकेक करून शेरूचा हिशेब मांडला. गोदामातली साखळी. वर्तमानपत्राचे फटके. पाठीवर बसवलेली मुले. जेवणाच्या थाळीशी केलेली ओढाताण. पाचांपैकी चार आमच्या घरी घडले होते, आणि तेही रोज पाखरांना दाणे घालणाऱ्या घरी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम काढून पाहिले, तर तेथेही आखूड साखळी, मारहाण, जादा भार, उपासमार हेच गुन्हे. शिवाय पाळलेला प्राणी विनाकारण सोडून देणे हाही गुन्हाच. बंधूंना ते वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण गोदामात आता असलेल्या कुत्र्याची साखळी त्यांनी काढली एवढे खरे.

अकराव्या दिवशी शेरू ठणठणीत होता. नातीच्या उरलेल्या लशी वेळापत्रकानुसार झाल्या.

घरात बदल मोठे नाहीत. जिन्याखाली शेरूचे पोते. त्याभोवती नातवाने रंगाने रेघ ओढली आहे, त्या रेघेच्या आत मुलांनी जायचे नाही. तो जेवताना मधले दार बंद. मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. लहान मुलांना कुत्र्याचे विचकलेले दात पाहून तो हसतो आहे असे वाटते, हे ब्रिटनमधील संशोधकांना आढळले आहे. कुरवाळायचे तर मानेखाली, मनात तीन मोजेपर्यंत. मग हात मागे घ्यायचा आणि तो आपणहून जवळ येतो का ते पाहायचे. बहुतेक वेळा येतो. जंताचे औषध आणि वार्षिक लस यांची तारीख मी कॅलेंडरवर लिहितो. मोठे माणूस हजर नसेल तर मुले आणि शेरू एका खोलीत नाहीत. हा नियम कंटाळवाणा आहे, दिवसातून दहा वेळा उठावे लागते. ज्या घरात उठणारे कोणी नाही, त्यांनी मुले लहान असेपर्यंत कुत्रा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूनबाईंचा विश्वास मात्र सहजासहजी परतला नाही. दोन-तीन महिने त्या नातीला हाताशी धरूनच अंगणातून जात. मी कधी समजावण्याचा प्रयत्न केला नाही. गालावरचा वण त्यांना रोज दिसत होता.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ. नातीचा चेंडू घरंगळत रेघेच्या आत गेला आणि ती त्यामागे वाकली. पोत्यावर झोपलेला शेरू डोळे उघडून हलकेच गुरगुरला. कित्येक महिन्यांनी, पहिल्यांदाच. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. सूनबाई ओट्याजवळून शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तो नको म्हणतोय. इकडे ये." नात मागे सरली. सूनबाईंनी शेरूला हाक मारून अंगणात बोलावले, चेंडू उचलून दिला आणि पोळ्या लाटायला परत गेल्या.