पात्याची घट

अमेरिकेत चार आसनांचे जुने विमान बाळगणे ही केवळ धनाढ्यांची चैन नव्हे. कोणी दंतवैद्य, कोणी शेतकरी, कोणी निवृत्त शिक्षक असे तिघे-चौघे एकत्र येऊन भागीदारीत विमान घेतात आणि हँगरचे भाडे, विमा, इंधन यांचा खर्च वाटून घेतात. इंजिनासाठी निराळी तरतूदही होते. प्रोपेलरची तरतूद मात्र बहुधा राहून जाते. मग एखाद्या वार्षिक तपासणीच्या वेळी मेकॅनिक लॉगबुक उघडून दाखवतो : मधल्या हबमधून ग्रीस झिरपत आहे आणि मागील ओव्हरहॉलला नऊ वर्षे उलटली आहेत.

ओहायोतील हार्टझेल ही 1917 पासून प्रोपेलर करणारी कंपनी. तिच्या अनेक प्रोपेलरांना ओव्हरहॉलची मुदत 2400 तास किंवा 6 वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. स्वतःपुरत्या उडणाऱ्या विमानाला ही मुदत तेथे सर्वसाधारणपणे सल्ला म्हणूनच लागू होते. त्यामुळे ती पुढे ढकलण्याचा मोह प्रत्येक भागीदाराला होतो. त्यामागे हिशेबही आहे. ओव्हरहॉलचा खर्च 4000 डॉलर धरू. विमान 2400 तास उडले, तर ताशी सुमारे 1 डॉलर 67 सेंट पडतात. पण हौशी मंडळींचे विमान वर्षाला 60 तास उडते. सहा वर्षांत 360 तास. म्हणजे ताशी 11 डॉलरांहून अधिक. न वापरलेल्या तासांचे पैसे का भरायचे, असे भागीदार विचारतात. उत्तर असे, की गंजाला सुट्टी नसते. उभ्या विमानाच्या पात्यावर रंगाखाली ओल शिरते आणि ॲल्युमिनियम खात राहते. हेच 4000 डॉलर 72 महिन्यांत विभागले, तर महिन्याला 56 डॉलरही होत नाहीत. चौघांत वाटले तर माणशी 14. वेळीच बाजूला काढलेल्या रकमेचा भार जाणवत नाही, एकरकमी मागणी मात्र घरात भांडण लावते.

आता दोन कारखान्यांची दरपत्रके येतात. एकाचा आकडा दुसऱ्याहून हजारभर डॉलरांनी कमी. दोन्हींवर शब्द एकच : ओव्हरहॉल. अमेरिकेच्या नियमांनुसार हा शब्द वाटेल तसा वापरता येत नाही. भाग सुटा केला, स्वच्छ केला, तपासला, आवश्यक तेवढा दुरुस्त केला, पुन्हा जोडला आणि ठरलेल्या मानकांनुसार पारखला, तरच त्याला ओव्हरहॉल म्हणावे. गळणारी सील बदलून नवा रंग चढवणे वेगळे. परंतु रंग दोन्हींवर सारखाच चमकतो, आणि मालकाला दिसतो तो रंगच.

पात्यावर काय बेतते ते पाहिले म्हणजे हा फरक किती मोठा हे कळते. सुमारे 76 इंच व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला 2700 फेरे घेतो, तेव्हा त्याचे टोक सेकंदाला जवळजवळ 273 मीटर जाते. प्रत्येक पाते हबमधून उपटून निघू पाहते; ती ओढ दहा टनांच्या घरात सहज पोहोचते. धावपट्टीवरचा खडा उडून कडेला खरवड पडली, तर सारा ताण त्या खाचेपाशी गोळा होतो. म्हणून कारागीर ती खाच घासून गुळगुळीत उतार देतो. प्रत्येक वेळी थोडा धातू जातो. सराफी पेढीवर वाढलेल्या वाचकाला ही घट वेगळी समजावून सांगायला नको. पात्याची रुंदी आणि जाडी यांची किमान मर्यादा निर्मात्याने ठरवलेली असते. त्याखाली गेलेले पाते बाद. पृष्ठभागावर उघडणाऱ्या भेगा शोधण्यासाठी पात्यावर चमकणारा द्रव लावून तो अंधारात अतिनील प्रकाशाखाली पाहतात, पोलादी भागांची चुंबकीय तपासणी होते. स्वस्त दरपत्रक यांतले काय गाळते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

21 ऑगस्ट 1995 रोजी अटलांटाहून मिसिसिपीतील गल्फपोर्टकडे निघालेल्या एका तीस आसनी प्रवासी विमानाच्या डाव्या प्रोपेलरचे पाते हवेतच तुटले. विमान जॉर्जियातील कॅरोलटनजवळ एका शेतात आदळले आणि पेटले. आत 29 जण होते. कप्तानासह काहींचे प्राण गेले. हे विमान हौशी विमानाहून पुष्कळ मोठे, पण दोष त्याच जातीचा. पात्याच्या पोकळीत बुचाचा तुकडा बसवलेला असे. बूच पांढरे करताना वापरलेल्या क्लोरीनचा अंश त्यात राहिला आणि आतून गंजाचे बारीक खड्डे पडले. सर्वाधिक खेदाची गोष्ट ही, की आदल्या वर्षी ध्वनिलहरींच्या तपासणीत हेच पाते संशयित ठरून निर्मात्याच्या कारखान्यात गेले होते. तेथे गंज दिसला नाही. आतील पृष्ठभाग घासला गेला, कागद सही होऊन पाते परतले. खड्ड्यातली भेग वाढत राहिली. चौकशीत ठपका आला तो तपासणीच्या पद्धतीवर, कामगाराच्या प्रशिक्षणावर आणि नोंदींवर. त्या घासकामाचा मोबदला किती होता, हे तेव्हा कोणी विचारले नसावे.

भागीदारांपैकी जो हिशेब पाहतो, त्याने दोन्ही कारखान्यांना पत्र लिहावे. मोजमापांची नोंद मिळेल का? पाते बाद झाले तर ते परत दाखवाल का? आकडा सर्व भाग शाबूत धरून दिला आहे का? बहुतेक दरपत्रके तसे धरूनच दिलेली असतात. पुढे फोन येतो, एक पाते मर्यादेखाली आहे, आणि मूळ आकडा दीडपट होतो. असा फोन आला की मालकाला लुबाडल्यासारखे वाटते. वास्तविक त्या फोनसाठीच त्याने पैसे मोजलेले असतात. ज्या कारखान्यातून असा फोन कधीच येत नाही, त्याचा दर कितीही हलका असो, दोनदा विचार करावा.

बाद पाते पुन्हा कुणी बसवू नये म्हणून निकामी करतात. मग बहुधा ते एखाद्या भागीदाराच्या दिवाणखान्यात भिंतीवर जाते. पाहुणे त्याच्या लकाकीचे कौतुक करतात. तो मात्र कडेजवळच्या एका जागेवर बोट ठेवून सांगतो, येथे अर्ध्या मिलिमीटरने कमी भरले.