उभी रेघ कुठे मारायची?

सरकारी कार्यालयात 'निकाली' हा फार गुळगुळीत शब्द आहे. माहिती अधिकारात अर्ज टाकला, २९व्या दिवशी "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" अशी एक ओळ आली, की त्यांच्या नोंदवहीत अर्ज निकाली. (कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायला हवा होता, हे वेगळंच.) अर्धीच माहिती दिली, तरी निकाली. आमच्यातले एक काका तलाठी म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "अगं, निकाली म्हणजे कागद माझ्या टेबलावरून गेला. तुझं काम झालं असं कोण म्हणालं?"

आम्ही सहाजण आमच्या गावातल्या पाणीपुरवठ्याचे आणि रस्त्यांचे कागद गेली काही वर्षं मागतोय. ही पोस्ट त्या कामाच्या टिपणवहीबद्दल आहे. मधे थोडं तांत्रिक येईल, पण सोडून जाऊ नका.

माहिती अधिकाराचं काम म्हणजे निम्मं तारखांचं काम. अर्जाला ३० दिवस. उत्तर आलंच नाही तर कायदा तो नकार मानतो. मग पहिल्या अपिलाला ३० दिवस. त्यावर निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५. त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, त्याला ९० दिवस. आयोगाने मात्र निर्णय किती दिवसांत द्यावा, याची मुदत कायद्यात नाही. म्हणजे आज सुरू केलेलं प्रकरण आपल्यानंतर कोणीतरी दुसरंच माणूस चालवत असेल, हे धरूनच चालावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. त्यामुळे एका टाकीच्या गळतीसाठी चार चार अर्ज होतात आणि प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या.

हे सगळं मी ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये, त्यातल्या ऑर्ग-मोडमध्ये ठेवते. अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं. फुकट आहे आणि फाईल साध्या मजकुराची असते. उद्या ईमॅक्स नसलं तरी नोटपॅडमध्ये उघडते, छापून काकांच्या हातात देता येते.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक फाईलचे नियम त्या फाईलच्याच डोक्यावर लिहिता येतात. हॅश, अधिकचं चिन्ह, त्याला जोडून 'टूडू' हा शब्द (तो मात्र इंग्रजी अक्षरांतच लागतो) आणि कोलन. त्यापुढे आपल्या कामाचे टप्पे, आपल्या भाषेत. आमच्या पाण्याच्या फाईलमध्ये ते असे आहेत:

दाखल वर्ग मौन अपुरं पहिलं-अपील दुसरं-अपील | मिळाली सोडला

मधली उभी रेघ बघा. रेघेच्या डावीकडचं सगळं ईमॅक्स बाकी धरतं आणि उजवीकडचं संपलेलं. टप्प्यांच्या शब्दांत मोकळी जागा चालत नाही, म्हणून मधे जोडरेघ. ओळ बदलली की तिच्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबायचं, नाहीतर फाईल पुन्हा उघडेपर्यंत जुनेच नियम चालतात.

'उत्तर आलं' असा टप्पा या ओळीत नाही, आणि त्यावरून आमच्यात दोन रविवार भांडण झालं. गटातल्या एका तरुण मुलाचं म्हणणं, उत्तर आलं की उजवीकडे टाकू, म्हणजे लोकांना दाखवायला आकडा चांगला दिसेल. माझं म्हणणं, मग त्यांच्या नोंदवहीत आणि आपल्या वहीत फरक काय राहिला? आलेलं उत्तर एकतर 'मिळाली' असतं किंवा 'अपुरं'. अपुरं डावीकडेच राहणार. मग काकांनी विचारलं की अपुरं कोण ठरवणार? प्रश्न बरोबर होता. अर्जातल्या मुद्द्यांना क्रमांक द्यायचे, प्रत्येकासमोर टिचकी आली तरच 'मिळाली', असं ठरलं. तोही नियम फाईलच्या वरच चार ओळींत लिहून ठेवलाय.

'सोडला' या शब्दापुढे कंसात ॲटचं चिन्ह दिलंय. त्यामुळे कोणी अर्ज त्या टप्प्यावर नेला की ईमॅक्स थांबतं आणि कारण लिहायला जागा उघडतं. कारण कोरं ठेवता येतं, सक्ती नाही. पण तारीख नोंदली जाते आणि पुढच्या बैठकीत ती कोरी जागा सगळ्यांना दिसते. तेवढं पुरतं. प्रकरण गुपचूप सोडून देणं अवघड होतं, मी सोडलं तरी.

आता कोणी म्हणेल, सगळ्या फाईलींना एकच नियम का नाही? सोय आहे. एका वेगळ्या फाईलीत नियम लिहून बाकीच्यांना तिचा पत्ता देता येतो. आम्ही ते केलं नाही, कारण कोणाला एकच फाईल ईमेल केली तर नियम मागे राहतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कामं सारखी नसतात. रस्त्यांच्या फाईलमध्ये आमचा टप्पा आहे 'काम-झालं', आणि तो रेघेच्या डावीकडे आहे! डांबर पडलं, फोटो निघाला, बिल गेलं, तरी ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी चालू असतो. त्या काळात रस्ता उखडला तर तो त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. उजवीकडे आहे 'दोषदायित्व-संपलं'. पाण्याचे नियम रस्त्याला लावले असते, तर पहिल्या पावसाआधीच सगळे रस्ते आमच्या वहीत निकाली निघाले असते.

फाईलमध्ये काय ठेवायचं नाही, हेही ठरवावं लागतं. माझा फाँट, रंग, अक्षरांचा आकार माझ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये. माझ्या चष्म्याचा नंबर गटाच्या वहीत कशाला? शब्दांचे अर्थ मात्र फाईलमध्येच. आणि अनोळखी माणसाने पाठवलेल्या फाईलीतल्या सेटिंग्ज डोळे झाकून स्वीकारू नका. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये २०१९ साली फाईलमधल्या अशाच एका ओळीतून संगणकावर आज्ञा चालवता येतील असं भोक सापडलं होतं. ईमॅक्स संशयास्पद सेटिंग दिसली की आधी विचारतं. तेव्हा 'नाही' म्हणा.

मुदतींचंही थोडक्यात सांगते. शेवटची तारीख टाकली की ईमॅक्स आपणहून १४ दिवस आधीपासून आठवण करतं. दुसऱ्या अपिलाला ते कमी पडतं, कारण आदेशाची प्रत, पोच, पहिल्या अपिलाचे कागद असा सगळा संच जमवायचा असतो. म्हणून त्या तारखेपुढे आम्ही ३० दिवस आधीची सूचना लावतो.

या महिन्यात काकांनी पाण्याची फाईल गटातल्या एका कॉलेजच्या मुलीकडे सोपवली. तिने ती उघडली, वरच्या ओळी वाचल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, टाकीच्या दुरुस्तीच्या अर्जाचं उत्तर तर आलंय, मोजमाप वहीची पानंही आहेत. मग हा डावीकडे का?" काकांनी तिला पान उलटायला सांगितलं. मुद्दा क्रमांक ३, मोजमाप कोणी तपासलं, त्यासमोर टिचकी नव्हती. पहिल्या अपिलाला अजून ११ दिवस आहेत. जोडपत्र 'ब' ती भरतेय, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप काका आणणार आहेत.