जावईबापूंचा ठणका

आमच्या पेन क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : शून्य ते दहामध्ये तुमचं दुखणं किती? बहुतेक जण थोडा विचार करून सात-आठवर थांबतात. एक जण म्हणाला, "साडेअकरा मॅडम. दीड मार्क ग्रेसचे." मी केसपेपरवर दहा लिहिले आणि शेजारी त्याचं वाक्यही जसंच्या तसं उतरवलं. मी मुळात भूलतज्ज्ञ. दुखण्याच्या शाखेत आलेले बरेच जण असेच ऑपरेशन थिएटरातून आलेले असतात. भूल दिलेला पेशंट विनोद करत नाही, त्यामुळे हा भाग मला इथे येऊनच शिकावा लागला.

हे साडेअकरावाले गृहस्थ मोटरसायकलवरून पडलेले. पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला, की हाताकडे जाणाऱ्या पाच नसांची मुळं मज्जारज्जूपासूनच उपटली जाऊ शकतात. दुचाकीच्या अपघातांत ही इजा आपल्याकडे नेहमी दिसते. हात लोंबकळतो, टाचणी टोचली तरी कळत नाही, आणि त्याच बधिर हातात रात्रंदिवस आग असते. मधूनच करंट बसल्यासारखी सणक येते. घरचे विचारतात, हात बधिर आहे तर दुखतं काय? मुळं तुटल्यावर मज्जारज्जूतल्या पेशींना हाताकडून काहीच कळेनासं होतं आणि त्या आपल्या आपणच संदेश सोडू लागतात. मेंदू त्यावर जुनाच पत्ता वाचतो : तळहात, बोटं. साध्या पेनकिलरचा इथे फारसा उपयोग होत नाही. गॅबापेन्टिन, प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं वापरतो, आणि दुखणं निम्म्यावर आलं तरी आम्ही खूश असतो. पेशंट अर्थातच तेवढा खूश नसतो. वर गुंगी आणि कोरडं तोंड पदरात पडतं ते वेगळंच.

या गृहस्थांनी हाताचं नाव ठेवलं होतं जावईबापू. "काम शून्य, मान मात्र सगळा यांचाच. झोळीत बसून फिरतात आणि जरा गारठा पडला की रुसतात." अधिक महिन्यात सासूबाईंनी धोंड्याचं जेवण घातलं, तेव्हा म्हणे, "जावई दोन आलेत, अनारसे दुप्पट वाढा." घरात ते नाव रुळलं. त्याआधी बायको दिवसातून दहा वेळा 'दुखतंय का?' विचारायची आणि हे प्रत्येक वेळी खेकसायचे. आता ती विचारते, "जावईबापूंचं काय म्हणणं आहे?" उत्तर 'ठीक आहे' आलं तर बाजारात जायचं, 'रुसलेत' आलं तर टीव्हीचा आवाज कमी करायचा. आग तेवढीच आहे, पण तिच्याबद्दल घरात बोलता येऊ लागलं. माझ्या मते विनोदाची खरी कमाई हीच, आणि ती कुठल्याही चाचणीत दिसत नाही.

चाचण्या झाल्यात. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि त्याआधी व नंतर हातावर गोठवलेलं आवरण किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून त्यांची सहनशक्ती मोजली. सगळ्यांबरोबर खळखळून हसलेल्यांची वाढलेली दिसली. प्रयोग छान आहे, पण ती धडधाकट माणसं होती आणि पट्टा सोडला की त्यांचं दुखणं संपत होतं. हास्य क्लबमध्ये नसा दुरुस्त होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बरगडी मोडून तिथली नस दुखावलेल्यांना तर हसणंच महाग पडतं. अशा एक बाई घरात पु.लं.ची कथाकथनं लावू देत नसत. "हसले की सुऱ्या फिरतात," म्हणायच्या, आणि हे सांगतानाही हसू येऊन कळवळायच्या.

पेशंटच्या विनोदात बऱ्याचदा निदानही असतं. मनगटाची नस कापलेल्या एकीने सांगितलं, "कुणीतरी रात्रभर हातावर ठेचा चोळतंय, आणि भाकरीचा पत्ता नाही." आता मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर काम करतं, तोच भाजण्याइतकी उष्णताही ओळखतो, या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. बाईंच्या थट्टेने मला एका वाक्यात आगीची जात सांगितली. नुसतं 'दुखतंय' म्हटलं असतं तर मला आणखी चार प्रश्न विचारावे लागले असते.

मात्र हसणाऱ्या पेशंटला एक दंड भरावा लागतो : त्याचं दुखणं कुणी खरं मानत नाही. एक्स-रेत काही दिसत नाही, वर हा हसतोय. साहेब रजा कापतात, नातेवाईक डोळे मिचकावतात. आमच्या शाखेतही हसऱ्या माणसाच्या आठाला मनातल्या मनात सहा करणारे आहेत. जावईबापूवाल्यांच्या मेहुण्याने लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर तोच विनोद पुढे रेटला : "यांचा हात काय, कायमच सुट्टीवर!" सगळे हसले. हे ताटावरून उठले. पुढे कितीतरी दिवस घरात ते नाव कुणी काढलं नाही. मेहुण्याला अजून कळलेलं नाही की त्याचं चुकलं काय. आपल्या दुखण्याची चेष्टा करायचा हक्क ज्याचं दुखतं त्याचा. बायकोला त्याने तो दिला होता, मेहुण्याला दिला नव्हता.

मला धास्ती असते ती वेगळ्याच दिवसाची. नेहमी कोटी करणारा पेशंट येतो, आकडा विचारल्यावर नुसतं 'आठ' म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. साडेअकरापेक्षा हे आठ मला जड वाटतात. अशा वेळी नातेवाइकांना जरा बाहेर बसवते. झोप किती लागते, जेवण जातं का, आणि मग थेट : जगणं नकोसं वाटतं का? असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. उत्तर 'हो' आलं तर गोळ्यांचा हिशेब नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करते, त्याच दिवशी.