मे महिन्याची माती

जून लागला की लिस्बनच्या फुलवाल्यांकडे हिरव्यागार, गोल झुडपांच्या कुंड्या ओळीने मांडल्या जातात. झुडूप वीतभर उंचीचं, पानं बारीक, वास ओळखीचा. पोर्तुगीज लोक त्याला मांझेरिकू म्हणतात. ते तुळशीच्याच कुळातलं. 13 जूनला संत आंतोनीचा सण असतो आणि त्या दिवशी लिस्बन शहराला सुट्टी. आदल्या रात्री आल्फामाच्या चढउताराच्या गल्ल्यांत निखाऱ्यांवर तारल्या भाजल्या जातात आणि माणसं एकमेकांना ही कुंडी भेट देतात. कुंडीत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. पानांना थेट नाक लावायचं नाही; वरून तळवा फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा, अशी रीत आहे.

गोव्यातल्या डिचोलीहून किंवा पेडण्याहून इथे येऊन राहिलेल्या माणसाला ही रीत कुणी शिकवावी लागत नाही. रोप हुंगून झाल्यावर तो कुंडी हातात घेतो, उलटी करून बूड बघतो आणि बोटाच्या पेराने टिचकी मारतो. कुंभाराच्या गावच्या माणसाला मडकं असंच घ्यायचं माहीत असतं. भाजणी नीट झाली असेल तर खणखणीत आवाज येतो, कच्ची असेल तर बद्द.

ही टिचकी मारणारे हात लिस्बनला कसे पोचले, त्याला इतिहास आहे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे गेले ते 18 व्या शतकाच्या अखेरीस. गोव्यात त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. जुन्या काबिजादींच्या मानाने इथे पोर्तुगीज भाषा कमी रुजली; देवळं, दशावतार, भजन आणि मराठी शाळा टिकल्या. तरी 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त होण्यापूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट मोकळी आहे. त्या वाटेने आलेले गोवेकर आज लिस्बनमध्ये कामाला आहेत. इथल्या 'काझा द गोवा' या संस्थेत ते एकत्र येतात, आणि जूनमध्ये गावी फोन लागला की पहिला प्रश्न पावसाचा असतो.

कारण डिचोलीच्या कुंभाराचं वर्ष पावसावर बांधलेलं आहे. भात कापून शेतं मोकळी झाली, जमीन वाळली, की माती काढायची. पहिल्या पावसानंतर शेतात पाणी साचतं, मग माती मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात जेवढी लागेल तेवढी माती उन्हाळ्यातच घरी आणून झाकून ठेवावी लागते. खडे आणि मुळं वेचायची, ढेकळं फोडायची, पाणी घालून भिजत टाकायची आणि मग पायाने तुडवायची. तुडवण्यात कसूर झाली, आत हवेचा बुडबुडा राहिला, तर भट्टीत मडकं फुटतं.

मे महिन्यातला कुंभाराचा दिवस ऊन चढायच्या आत सुरू होतो. सकाळच्या गारव्यात चाकावरचं काम उरकायचं. आता बऱ्याच ठिकाणी चाक विजेवर फिरतं, पण गोळा मधोमध बसवणं आणि दोन अंगठ्यांनी तो उघडणं हे अजून हातांचंच काम आहे. चाकावरून उतरलेलं मडकं थोडं आवळलं की आतून दगडी गोळ्याचा आधार द्यायचा, बाहेरून लाकडी थापीने थापटायचं. बूड गोल होतं आणि भिंत पातळ होते ती या थापटण्याने. दुपारी चाक थांबतं, पण काम थांबत नाही. ओलं मडकं आधी सावलीत वाळवायचं आणि मगच उन्हात न्यायचं. घाई केली तर तडा ठरलेला. गोव्याच्या मे महिन्यात हवा इतकी दमट असते की ऊन कडक असूनही माती आतून उशिरा सुकते. मडकी फिरवत ठेवणं, घासून गुळगुळीत करणं, बाजारात बसून विकणं, यांतलं बरंचसं काम घरातल्या बायका करतात. उन्हं उतरली की भट्टी लावायची. लाकूड, नारळाची सोडणं, पाला, पेंढा, वरून मातीचा लेप, आणि रात्रभर जाग.

या भट्टीतून गोव्याचं अर्धं घर बाहेर पडतं. माशांच्या आमटीचं कुंडलं, पाण्याचा माठ, तुळशीवृंदावन, पणत्या, धूप घालायचं पात्र. मार्च ते मे हा काजूचा हंगाम. फेणी गाळण्यासाठी भाण आणि लावणी ही दोन भांडी पूर्वी मातीचीच असत, आता त्यांची जागा पुष्कळ ठिकाणी तांब्याने घेतली आहे. याच चाकावर घुमट तयार होतं. दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं हे मडकं. मोठ्या तोंडावर कातडं चढवलं की त्याचं वाद्य होतं. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं आणि बकऱ्याचं कातडं वापरात आलं. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. गणेशचवथीच्या आरतीला घरोघर ते घुमतं, पण त्याचं मडकं घडवणाऱ्या कुंभाराचं नाव कुणी घेत नाही.

पेडण्या-डिचोलीच्या चित्रशाळांतही उन्हाळ्यातच हालचाल सुरू होते. चवथ असते भाद्रपदात, पण मूर्तीची माती मे महिन्यात आलेली असते. गणपतीचं काम हे मातीचंही आणि रंगाचंही. एकच माणूस आधी कुंभार असतो आणि मग चित्रकार. घरोघरचे पाट शाळेत येऊन पडतात, त्यांवर मूर्ती उभ्या राहतात. आषाढ-श्रावणात बाहेर पावसाची झड आणि आत पंखे लावून वाळवण चालतं. मग पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर, दागिने, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. ती घरातला जाणता माणूसच करतो. रंगाची घाई शेवटच्या पंधरवड्यात दिसते, म्हणून लोकांना काम तेवढंच वाटतं. त्यामागची उन्हाळ्यातली माती कुणाला दिसत नाही.

लिस्बनच्या माती-रंगाच्या कारखान्यांत अगदी उलटं हवामान. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतो आणि हवा कोरडी, म्हणून इथल्या कारागिराची धडपड माती फार लवकर वाळू नये याची. तो कामावर ओलं फडकं टाकून ठेवतो. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा रंगकामाला उजेड भरपूर मिळतो. सांत आना हा कारखाना 1741 पासूनचा, व्हियुव्हा लामेगू 1849 पासूनचा, आणि दोन्हीकडे अझुलेजू फरश्या अजून हाताने रंगवल्या जातात. एकदा भाजलेल्या फरशीवर पांढऱ्या झिलईचा थर देतात. तो वाळून भुकटीसारखा झाला की त्यावर चित्र काढायचं. कागदावरच्या रेघांना सुईने भोकं पाडतात, कागद फरशीवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. ठिपक्यांची रांगोळी छाप्यातून उतरावी तशी आकृती खाली उमटते. मग कोबाल्टचा निळा. कोरडी झिलई रंग तत्काळ पिऊन टाकते, त्यामुळे चुकलेला फटकारा पुसता येत नाही. फरशी पुन्हा भट्टीत जाते आणि रंग झिलईत कायमचा विरघळतो.

ही कला गोव्यातही पोचली. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या फरश्यांच्या भिंती आहेत. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर झोर्झ कुलासू यांनी 1935 मध्ये रंगवले. पोर्तू शहराच्या साव बेंतू रेल्वे स्थानकातल्या सुमारे 20 हजार फरश्याही त्यांच्याच. लिस्बनहून पणजीला फरश्या गेल्या, आणि पणजीकडून लिस्बनला चित्रकार आले.

त्यांपैकी एक वामन नावेलकर. 1929 मध्ये बार्देशातल्या पोंबुर्फ्यात त्यांचा जन्म. 1954 मध्ये पोर्तुगीज सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लिस्बनच्या कलाशाळेत आले. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारताविरुद्धच्या निवेदनावर सही करायला त्यांनी नकार दिला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मोझांबिकमध्ये शिक्षकाची नोकरी, तो देश 1975 मध्ये स्वतंत्र झाल्यानंतरच्या धामधुमीत बंदिवास, आणि लिस्बनला परत येताना चित्रांनी भरलेली ट्रंक हरवली. 1982 मध्ये ते पोंबुर्फ्याला परतले आणि 2021 मध्ये जाईपर्यंत चित्रं काढत राहिले. चित्रांवर ते सही करत 'गणेश' अशी, भावाच्या आठवणीसाठी. तीन खंडांत राहिलेल्या या कलावंताला आयुष्याचा मोठा भाग ओढग्रस्तीत काढावा लागला. परदेशातल्या शहरात कलाकार होणं म्हणजे काय, हे लिस्बनमधल्या गोवेकराने समजून घ्यायचं तर त्यांच्या आयुष्याकडे पाहावं.

लिस्बनने आपल्या फरश्यांसाठी जे केलं ते मात्र शिकण्यासारखं आहे. राणी लिओनोरने 1509 मध्ये स्थापलेल्या माद्रे द देउश मठात आज फरश्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. 1755 च्या भूकंपाआधीचं लिस्बन दाखवणारा सुमारे 23 मीटर लांबीचा फरश्यांचा देखावा तिथे आहे. मेट्रो 1959 मध्ये सुरू झाली तेव्हा स्थानकांच्या भिंती मारिया कैल या चित्रकर्तीकडे सोपवल्या गेल्या; रोज कामाला जाणारा माणूस तिचं काम बघत जातो. जुन्या इमारतींवरच्या फरश्या चोरीला जाऊ लागल्या तेव्हा 2007 मध्ये पोलिसांच्याच संग्रहालयाने मोहीम उघडली, आणि 2017 मध्ये दर्शनी भिंतींवरच्या फरश्या काढण्याविरुद्ध देशभराचा कायदा झाला.

साध्या मडक्याच्या बाबतीत पोर्तुगालची स्थितीही नाजूकच आहे. उत्तरेत व्हिला रियालजवळ बिझाल्यांइश गावात काळी मडकी होतात. जमिनीत खणलेल्या भट्टीवर शेवटी माती लोटून ती कोंडतात. हवा न मिळाल्याने मातीतलं लोह लाल न होता काळं होतं. कुंभार बोटांवर मोजण्याइतके उरले, म्हणून 2016 मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या यादीत घातली. दक्षिणेत एश्त्रेमोशच्या रंगीत मातीच्या बाहुल्यांना 2017 मध्ये युनेस्कोचा मान मिळाला.

डिचोलीची मडकी लाल होतात तीही लोहामुळेच, आणि या तालुक्याच्या पोटात लोह भरपूर. त्या लोहासाठी इथले डोंगर खणले गेले, खाणींची माती पावसाबरोबर शेतांत उतरली. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केले. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे आणि आसपासच्या जमिनीला भाव आला आहे. शेत बुजवून घर उभं राहिलं की तिथली चिकणमाती कायमची गेली. कुंभाराच्या मुलाने चाकावर बसावं असं वाटत असेल, तर मातीची शेतं राखायला हवीत. गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादी आणि पंचायती अशा जागा नकाशावर आखून वेगळ्या ठेवू शकतात. लिस्बनने भिंती राखल्या, गोव्याला जमीन राखावी लागेल.

मातीच्या मूर्तींसाठी गोव्याचं हस्तकला महामंडळ कारागिरांना अनुदान देतं, ही चांगली गोष्ट आहे. पण माती, लाकूड, मजुरी यांचा खर्च मे महिन्यात होतो आणि मूर्तीचे पैसे चवथीला हातात येतात. मधले तीन-चार महिने कारागीर उसनवारीवर काढतो. ही फट गिऱ्हाईक भरून काढू शकतं. लिस्बन, लंडन किंवा आखातात असलेल्या पुष्कळ गोवेकरांची गावी घरं आहेत आणि त्या घरांत गणपती बसतो. तेव्हा एवढं करा: पाट आणि विसार श्रावणात पाठवण्याऐवजी मे महिन्यातच चित्रशाळेत पोचवा, आणि घरी मडकं किंवा घुमट घ्यायचं असेल तर कुंभाराच्या दारात जाऊन, तो सांगेल त्या किमतीला घ्या.